अ, जो दिसत नाही



आजचं चिंतन गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या 33 व्या श्लोकावर. विभूतियोग चालू आहे. अर्जुनाने विचारलंय की देवा, तुला नेमकं कुठे कुठे पाहू? आणि भगवंत एकेक सांगत सुटले आहेत. शिखरांमध्ये मी मेरू, जलाशयांमध्ये सागर, स्थावरांमध्ये हिमालय, झाडांमध्ये पिंपळ. सगळी कशी भव्य मंडळी! वाचताना मान आपोआप वर होते.

आणि मग 33 व्या श्लोकात भगवंत म्हणतात, अक्षरांमध्ये मी ‘अ’ आहे.

अ? अंकलिपीतला? अननसाचा?

खरं सांगते, कितीतरी वर्षं मी या श्लोकावरून सरळ पुढे गेले आहे. अ पहिला म्हणून देव अ, एवढंच वाटायचं. तमिळमधला तिरुक्कुरळ हा ग्रंथही पहिल्याच कडव्यात हेच सांगतो, की जशी अक्षरांची सुरुवात अकाराने तशी जगाची सुरुवात आदिभगवंताने. अर्थ सोपा आहे, सुंदर आहे. पण गेल्या आठवड्यात ऑफिसमध्ये माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि हा अ मला जो टोचला, तो अजून टोचतोय. ती गोष्ट सांगतेच. आधी थोडं अक्षराबद्दल.

‘क’ हे अक्षर घ्या. नीट पाहिलं तर ते एक अक्षर नाही, दोन आहेत. क् आणि त्यात मिसळलेला अ. नुसता क् म्हणून बघा, घशात अडकतो. अ येतो आणि त्याला बाहेर काढतो. ख, ग, घ पासून ळ पर्यंत सगळ्यांचं असंच. गंमत म्हणजे इ आली की वेलांटी दिसते, उ आला की उकार दिसतो, ए आला की मात्रा दिसते. अ आला की काहीच दिसत नाही. तो आहे हे सांगणारी एकही खूण आपल्या लिपीत नाही. तो नाही हे सांगायला मात्र खूण लागते. क च्या खाली छोटी तिरकी रेघ काढायची. शाळेत बाई त्याला काय म्हणायच्या आठवतंय? अक्षराचा पाय मोडणे!

म्हणजे अ काढला की अक्षराचा पाय मोडतो. आता ज्ञानेश्वरीची सुरुवात आठवा. माउली ओंकारालाच गणेश म्हणून वंदन करतात. त्या गणेशाचं मस्तक म्हणजे मकार, विशाल उदर म्हणजे उकार, आणि अकार म्हणजे त्याचे दोन पाय. आपण आरतीत मुखाकडे बघतो, मुकुटाकडे बघतो. ज्यांच्यावर सगळा भार आहे ते पाय फुलांखाली झाकलेले असतात.

आपण बोलताना तर अ ला आणखीनच गाळतो. लिहितो ‘राम’, म्हणतो ‘राम्’. लिहितो ‘मन’, म्हणतो ‘मन्’. पण हरिपाठाला बसलं आणि टाळ वाजायला लागले की तोच गाळलेला अ परत येतो, शब्दाच्या शेवटी लांबतो आणि चालीला आधार देतो. भजनात त्याच्याशिवाय भागत नाही.

आता ऑफिसची गोष्ट.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणते. एका मोठ्या मीटिंगसाठी आकडे गोळा करणं, ते तपासणं, तक्ते बनवणं हे सगळं तिने केलं. दोन रात्री जागून केलं. मी शेवटच्या दिवशी दोन-तीन वाक्यं बदलली आणि मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. बोलणं चांगलं झालं. वरिष्ठ म्हणाले, “वा, काय तयारी केलीय!” मी हसले आणि म्हणाले, “थँक्यू सर.”

बस. एवढंच. खोटं काहीच बोलले नाही. ‘मी केलं’ असंही म्हणाले नाही. फक्त जिथे तिचं नाव यायला हवं होतं तिथे ‘थँक्यू’ आलं. ती माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसली होती आणि वहीत बघत होती.

घरी जाताना लोकलमध्ये मन खात होतं. मग मी काय केलं असेल? मनाला गीता ऐकवली! म्हटलं, अगं, कर्म करावं, फळाची अपेक्षा धरू नये. तिला निष्काम कर्माचा धडा मिळाला. मोठी झाल्यावर समजेल तिला. आणि गंमत बघा, मला लगेच बरं वाटलं. दादर आलं तेव्हा मी एकदम शांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनात हा श्लोक आला. अक्षरांमध्ये मी अ. आणि मनाने लगेच पुढचं वाक्य तयार केलं, बघ, देवसुद्धा न दिसणारं अक्षर निवडतो, मग तिला न दिसायला काय हरकत आहे? या वाक्याची मलाच भीती वाटली. शास्त्र वाचून माणूस इतका सोयीचा अर्थ काढू शकतो? म्हणून मग आठवडाभर या एका अक्षराच्या मागे लागले. आपल्याकडे, बाहेर, जिथे जिथे हे पहिलं अक्षर आहे तिथे.

इजिप्तच्या सिनाई वाळवंटात सेराबित अल-खादिम नावाची जागा आहे. तिथे पिरोजा रत्नाच्या प्राचीन खाणी आहेत. 1905 मध्ये फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाला तिथे दगडांवर कोरलेली विचित्र चिन्हं सापडली. साडेतीन हजार वर्षांहूनही जुनी. त्यातलं एक चिन्ह म्हणजे बैलाचं डोकं, वर दोन शिंगं. सेमिटिक भाषांत बैलाला ‘अलेफ’ च्या जवळचा शब्द होता, म्हणून बैलाचं चित्र हेच त्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीचं अक्षर झालं. पुढे फिनिशियन लोकांनी ते आडवं केलं, ग्रीकांनी घेऊन त्याचा ‘अल्फा’ केला, आणि रोमन लिपीपर्यंत येता येता डोकं पूर्ण उलटं झालं. इंग्रजीतला मोठा ‘ए’ उलटा धरून बघा, दोन शिंगं दिसतील. आपण रोज मोबाईलवर टाइप करतो तो एक उलटा बैल आहे!

आपला अ वेगळ्या वाटेने आला. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीतून बदलत बदलत देवनागरीत आला. ब्राह्मीचा आणि त्या पश्चिमेकडच्या लिप्यांचा संबंध किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते त्यांच्यावर सोडू. मला भावली ती वेगळी गोष्ट. जगातल्या अनेक लिप्यांचं पहिलं अक्षर हे सिंह नाही, गरुड नाही, राजाचा मुकुट नाही. तो बैल आहे. ओझं ओढणारा, शेत नांगरणारा. आणि पीक घरात आल्यावर ‘यंदा बैलाने छान पिकवलं’ असं कोणी म्हणत नाही.

हिब्रू भाषेत अलेफ अजून आहे, आणि त्याची कथा तर आणखी हृद्य आहे. अलेफला स्वतःचा असा मोठा आवाज नाही. घशातला एक बारीक अटकाव, बोलण्याआधीचा. आजच्या बोलीत बहुतेकदा तोही ऐकू येत नाही. ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा सुरू होतो तो पहिल्या अक्षराने नाही, दुसऱ्याने, ‘बेत’ ने. त्यावर त्यांच्या जुन्या गुरूंनी एक कथा सांगितली आहे. अलेफने देवाकडे तक्रार केली की मी पहिला असून सृष्टीची सुरुवात माझ्यापासून का नाही? पिढ्यानपिढ्या तो तक्रार करत राहिला. देवाने त्याला गप्प केलं नाही. देव म्हणाला, सिनाई पर्वतावर मी दहा आज्ञा देईन तेव्हा तुझ्यापासून सुरुवात करेन. आणि खरंच, त्या आज्ञांचा पहिला शब्द ‘आनोखी’ अलेफने सुरू होतो. त्याचा अर्थ आहे ‘मी’.

इथे मी थांबले. देवाने अलेफला ‘अपेक्षा सोड’ असं सांगितलं नाही. त्याची आठवण ठेवली. योग्य वेळी त्याला पुढे आणलं.

मध्य युरोपातल्या ज्यू लोककथांत मातीच्या माणसाची एक गोष्ट येते. त्याला गोलेम म्हणतात. त्याच्या कपाळावर ‘एमेत’ हा शब्द लिहिला की तो जिवंत होतो. एमेत म्हणजे सत्य. त्याला संपवायचं असेल तर फक्त पहिलं अक्षर, म्हणजे अलेफ, पुसायचं. उरतं ‘मेत’. म्हणजे मृत.

आता मराठीत तेच करून बघा. ‘अमृत’ लिहा आणि अ पुसा. काय उरलं?

मृत!

अंगावर काटा आला माझ्या. भाषा वेगळ्या, शब्दांची मुळं वेगळी, तरी पहिलं अक्षर पुसलं की दोन्हीकडे तेच उरतं. आपल्याकडचा हा अ नकाराचा आहे. मृत नाही ते अमृत, हिंसा नाही ती अहिंसा, भय नाही ते अभय, दोन नाही ते अद्वैत, ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर. ग्रीक भाषेतही हाच नकारार्थी अ आहे, आणि तो आपल्या अ चा सख्खा भाऊ आहे, एकाच मुळातून आलेला. ग्रीक देवांचं अन्न ‘अँब्रोशिया’ आणि आपलं ‘अमृत’ हे शब्दही नात्यातलेच.

म्हणजे हा अ नुसता सोशिक नाही बरं का. तो ‘नाही’ म्हणणारा आहे. हिंसेला नाही, भयाला नाही, मृत्यूला नाही. सोसणारा बैल आणि ठाम नकार, दोन्ही एकाच अक्षराच्या वाट्याला आलंय.

सूफी परंपरेत अरबी ‘अलिफ’ म्हणजे एक सरळ उभी रेघ. अक्षरांच्या मोजणीत तिची किंमत एक. पंजाबचे संत बुल्ले शाह म्हणायचे की पोथ्यांचे ढीग कशाला, एक अलिफ कळला तरी पुरे. आणि तिकडे जपानमध्ये शिंगोन पंथाचे बौद्ध साधक भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीतला अ समोर ठेवून ध्यान करतात. चंद्राच्या गोल बिंबात कमळ आणि त्यावर अ. या पंथाचे संस्थापक कूकाई यांना कोया पर्वत 816 मध्ये मिळाला, आणि आजही तिथे हे ध्यान शिकवतात. त्यांच्यासाठी अ म्हणजे जे मुळात जन्मलंच नाही, म्हणून संपतही नाही. विचार करा, आपल्या घरात लहान मुलं जे अक्षर पाटीवर गिरवतात, त्याच्यासमोर कोणीतरी जपानमध्ये डोळे अर्धे मिटून बसलंय.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. न दिसता सगळ्यांना आधार देणं हे देवाचं लक्षण आहे, हे पटलं. मग दुसऱ्याला ‘तू अ हो’ असं सांगता येईल का?

आपल्या घरांत हे किती सहज सांगितलं जातं बघा. आईला सांगतात, सुनेला सांगतात, ऑफिसमध्ये ज्युनियरला सांगतात, कामवाल्या मावशींना तर न सांगताच गृहीत धरतात. ‘नावासाठी करू नये.’ वाक्य सोळा आणे खरं आहे. पण ते कोण कोणाला म्हणतंय यावर सगळं अवलंबून आहे. ज्याच्या नावावर जमा होतंय तोच जर दुसऱ्याला ‘नावाची अपेक्षा धरू नकोस’ म्हणत असेल, तर तो उपदेश नाही, ती चोरी आहे. गोड भाषेतली.

श्लोक पुन्हा वाचा. भगवंत अर्जुनाला ‘तू अ हो’ असं म्हणत नाहीत. ते ‘मी अ आहे’ असं म्हणतात. हे वाक्य फक्त स्वतःबद्दल म्हणता येतं.

आणि आता जे सांगणार आहे ते संस्कृतच्या वर्गात कधीतरी शिकले होते, पण अर्थ परवा कळला. या श्लोकात ‘अकारः’ आणि ‘अस्मि’ हे दोन शब्द शेजारी येतात. अस्मि म्हणजे ‘मी आहे’. संधी होताना विसर्ग जातो, त्या जागी ओ येतो, आणि ‘अस्मि’ मधला अ त्या ओमध्ये विरून जातो. कळतंय का काय झालं? ज्या वाक्यात देव ‘मी अ आहे’ म्हणतो, त्याच वाक्यात ‘मी आहे’ चा अ नाहीसा होतो. व्याकरणाच्या नियमानेच होतो, पण किती बोलका!

पण गोष्ट इथे संपत नाही. तो अ गेला तिथे लिहिणारे एक खूण करतात. ऽ. हिला अवग्रह म्हणतात. तिचा उच्चार नाही. ती फक्त वाचणाऱ्याला सांगते, इथे एक अ होता, तो या ओमध्ये मिसळून गेलाय, त्याला विसरू नका.

मला माझं उत्तर इथे मिळालं. विरून जाणं हे अ चं काम. खूण करणं हे लिहिणाऱ्याचं काम. अ स्वतः अवग्रह मागत नाही, म्हणून आपण तो द्यायचा नाही असं होत नाही. पोळ्याच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, शिंगं रंगवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. तो बैलाचा अवग्रहच की! बैल मागायला येत नाही. तरीही देतो, कारण न देणारा शेतकरी कृतघ्न ठरतो.

आणि हे मी ओढूनताणून आणत नाहीये. त्याच श्लोकात, अ च्या लगेच पुढे, भगवंत म्हणतात की समासांमध्ये मी द्वंद्व आहे. आईवडील, मीठभाकर, विटीदांडू. इतर बऱ्याच समासांत एक शब्द मुख्य होतो आणि दुसरा त्याच्या सेवेला लागतो. ‘राजपुत्र’ म्हटलं की लक्ष पुत्राकडे. द्वंद्वात दोन्ही शब्द सारख्याच मानाने उभे असतात. मला वाटतं हे दोन्ही एकत्र सांगण्यात काहीतरी आहे. स्वतःसाठी अ, दुसऱ्यासोबत द्वंद्व. आपण मात्र उलटं करतो. दुसऱ्याला अ करतो आणि स्वतः मुख्य पद होऊन बसतो.

आणि लक्षात घ्या, ‘अहंकार’ सुद्धा अ नेच सुरू होतो. अक्षर तेच आहे. ते अमृताला लावायचं की अहंकाराला, हे आपण ठरवायचं.

एक शेवटची गोष्ट. पाणिनींच्या अष्टाध्यायीत जवळपास 4000 सूत्रं आहेत. व्याकरणाच्या सोयीसाठी ते सगळ्या ग्रंथभर अ ला थोडा वेगळा, आ सारखा उघडा धरतात. आपण प्रत्यक्ष बोलतो तो अ तोंड किंचित मिटून होतो. मग ग्रंथाचं अगदी शेवटचं सूत्र येतं, आणि त्यात फक्त दोन अ आहेत. अर्थ साधारण असा की तो उघडा धरलेला अ, खरा आहे मिटलेला अ. म्हणजे सोयीसाठी अ ला जसं वागवलं, ते शेवटी दुरुस्त करून, त्याला त्याच्या खऱ्या रूपात परत ठेवून ग्रंथ संपतो. एवढा मोठा आचार्य एका अक्षराचा हिशेब बाकी ठेवत नाही. मी एका माणसाचा ठेवून झोपत होते.

सोमवारी मी मेल लिहिला. मीटिंगला जे जे होते त्या सगळ्यांना. चार ओळींचा. आकडे आणि तक्ते कोणी केले, दोन रात्री कोण जागलं, आणि हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, एवढंच. पाठवायचं बटण दाबायला मला वीस मिनिटं लागली. अहंकाराचा अ इतका घट्ट चिकटलेला असतो.

दुपारी ती चहाच्या वेळी आली. मला वाटलं खूश असेल. ती म्हणाली, “ताई, मला वाटलं होतं तुमच्या लक्षातच आलं नसेल.” मी म्हटलं, “अगं, लक्षात आलं होतं. तेव्हाच आलं होतं.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “बरं झालं सांगितलंत,” आणि कप घेऊन गेली. सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. मेलच्या आधीचे ते चार दिवस मेलने पुसले जात नाहीत. ऽ ही फक्त खूण असते, गेलेला अ त्याने परत येत नाही. पण खूण नसलेलं वाक्य चुकीचं वाचलं जातं, हेही तितकंच खरं.

तर मंडळी, आजचा छोटासा अभ्यास. दिवसभरात तुमचं जे काही नीट होईल, डबा, लोकल, प्रोजेक्ट, परीक्षा, त्याच्या आत न दिसणारा अ कोणाचा आहे ते शोधा. एक नाव सापडलं तरी पुरे. आणि ते नाव मनात ठेवू नका, चार लोकांसमोर उच्चारा. तुम्ही स्वतः कुठे अ असाल आणि तुमच्यासाठी अवग्रह कोणी लिहीत नसेल, तर अलेफसारखं देवाला सांगा, जमलं तर माणसांनाही सांगा. तक्रार केली म्हणून अलेफ लहान झाला नाही. आणि सांगूनही कोणी लिहिलं नाही, तर एवढं नक्की धरून ठेवा की ज्या अक्षरात भगवंत स्वतः जाऊन बसलेत, तिथेच तुम्ही आहात.

उद्या 34 वा श्लोक. तोपर्यंत,

राम कृष्ण हरी.